कुठंच न थांबणारं ‘थांबा’

भास्कर,

‘मोसंबी’ गाण्यातला तुझा गिटारचा सोलो लांबला नव्हता, असं तू शेवटपर्यंत म्हणत राहिलास. तुझ्या तेराव्याला रफिक पुण्याहून आला, आणि पंगतीत बसल्या बसल्या आमचा पहिला विषय तोच निघाला. रफिक सांगू लागला, कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये तुझा सोलो सुरू झाला तेव्हा पुढच्या रांगेतली पोरं उठून गेटाबाहेर चहाला गेली, चहा पिऊन परत आली, तरी तू वाजवतच होतास, आणि तो बिचारा ड्रमवर एकाच ठेक्यात अडकून पडला होता. मी म्हणालो, पोरं परत आली एवढं तरी भास्करला तेव्हाच सांगायला पाहिजे होतं, त्याला बरं वाटलं असतं. वैशाली वहिनी वाढत होत्या. त्यांनी तोंडाला पदर लावला. आम्हाला वाटलं त्या रडताहेत, आम्ही खाली बघितलं. पण त्या हसत होत्या.

त्या क्षणी मला पहिल्यांदा खरोखर पटलं की तू घरात नाहीस. असतास तर यावर गप्प बसलाच नसतास.

शोकसभेत सगळे बोलले ते बियाण्याच्या लॅबमधल्या साहेबाबद्दल. तुझा शांत स्वभाव, तुझी शिस्त, कधी कुणाला दुखावलं नाही वगैरे. मी मागं बसून ऐकत होतो आणि हा कोण माणूस, असा विचार करत होतो. आपल्या बँडबद्दल, ‘पऱ्हाटी’बद्दल, एक अक्षर कुणी काढलं नाही. म्हणून हे लिहायला घेतलं.

बँडचं नाव तूच ठेवलंस. कापूस वेचून झाल्यावर रानात उरलेली वाळकी झाडं चुलीत घातली की कशी भडकन पेटतात, आपलं गाणं तसं पेटलं पाहिजे, असं तुझं म्हणणं. तेवढ्याच लवकर ती विझतात पण, असं मी म्हणालो, तर तू लगेच मतदान घेतलंस. तिघांचा बँड, त्यात रफिकला आधीच समोसा खाऊ घालून तू आपल्या बाजूला घेतलेलं. पुढं आपलं एकेक गाणं बघितलं की मला ते मतदान आठवायचं. सुरुवात अशी की अंगावर काटा यावा, आणि दोन मिनिटांनी धूर.

जालन्यात वेल्डिंगच्या दुकानामागं जी खोली आपण धरली होती, तिथं दुकान चालू असताना तुझा अँप्लिफायर वेल्डिंगबरोबर गुरगुरायचा, म्हणून आपली प्रॅक्टिस दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी. तू चाली बांधायचास, गायचास आणि गिटार वाजवायचास. मी बेस वाजवायचो आणि शब्द लिहायचो. ‘ठसका’ तिथंच झालं, पिंपळगाव रेणुकाईच्या मिरची बाजारावरचं. त्याची सुरुवात तू अशी वाजवलीस की सुट्टीच्या दिवशी हिशेबाला दुकानात आलेला वेल्डर हातातलं काम टाकून आपल्या दारात येऊन उभा राहिला. पण मला मिरचीबद्दल चार ओळींच्या पुढं काही सुचलं नाही. तू त्याच चार ओळी सहा वेळा गायलास, दर वेळी आधीपेक्षा जोरात, म्हणजे लोकांना त्या नवीन वाटाव्यात. पिंपळगावला यात्रेत आपण ते गायलं तेव्हा मिरचीची पाटी घेऊन बसलेली एक आजी स्टेजपाशी आली. “बाबा, सुरू तर लई भारी केलं. मंग पुढं काय झालं मिरचीचं?” तू माइकवरून सगळ्या यात्रेला ऐकू जाईल असं सांगितलंस की शब्द याचे आहेत, त्याला विचारा. आजी माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मी आजही तिच्या प्रश्नाचं उत्तर शोधतोय.

पण ‘ठसका’ आणि ‘मोसंबी’चं मला वाईट वाटत नाही. ती जेवढी व्हायची तेवढी झाली. वाईट वाटायचं ते ‘थांबा’चं.

त्याचे शब्द मला गाडीत सुचले होते. आपलं स्टेशन आलं हे कळायच्या आत गाडीतून पुढं निघून गेलेला एक माणूस, एवढीच कल्पना. खोलीच्या पायरीवर बसून तू पहिल्यांदा गुणगुणलास:

उतरायचं होतं मला, दार सापडलं नाही,
माझ्या गावाचं नाव कुणी ओरडलं नाही.

रफिकनं काड्या खाली ठेवल्या होत्या. तू त्या काड्यांकडं बघून थांबलास. तू विचारलंस, काय झालं, वाईट आहे का. रफिक म्हणाला, “न्हाई यार. हे आपलं वाटून न्हाई राह्यलं, इतकं चांगलंय.”

आणि तिथूनच आपलं भांडण सुरू झालं, जे पुढं वीस-बावीस वर्षं पुरलं. माझं म्हणणं, पहिलं कडवं पळू दे, पण ‘ओरडलं नाही’ म्हटल्यावर सगळं एकदम हळू झालं पाहिजे. फक्त एक ढोल, त्यावर दुसरं कडवं, माणूस डब्यात एकटा उभा आहे असं वाटलं पाहिजे. मग शेवटी पुन्हा पळवा पाहिजे तेवढं. तुझं म्हणणं, रॉक मधेच बसत नसतं. “हळू केलं की लोक उठून जातेत,” असं तू म्हणायचास, आणि हे ‘मोसंबी’वाल्या माणसानं म्हणावं याची मला गंमत वाटायची. गाण्याचं नाव ‘थांबा’, आणि गाणं कुठंच थांबायला तयार नव्हतं.

उलट तू म्हणायचास, गाणं पडतंय ते माझ्या दुसऱ्या कडव्यामुळं. ‘आभाळाचं झालं तांबं, गाडी गेली लांब लांब.’ तू मला विचारलंस, “हे तांबं कुठून आलं मधेच? भंगारवाल्याचं गाणं हाये का हे?” मी सांगितलं, संध्याकाळचा रंग आहे. तू म्हणालास, मग संध्याकाळ म्हण. मी म्हणालो, संध्याकाळला लांब जुळत नाही. तू गिटार बाजूला ठेवून चहा प्यायला निघून गेलास.

संभाजीनगरच्या त्या लहानशा स्टुडिओतला दिवस तुला आठवतच असेल. तिथं ‘थांबा’ सुरू केलं आणि पहिल्याच ओळीला तू सुटलास. मी खुणा करत होतो, रफिक तुझ्यामागं धावत होता, त्याच्या कपाळावरचा घाम ड्रमवर पडत होता. दुसऱ्या कडव्यापर्यंत तर तू अशा वेगात होतास की माझं तांबं कुणाला ऐकूही आलं नाही. एवढाच त्यातला फायदा. वाजवून झाल्यावर रेकॉर्डिंग करणाऱ्या माणसानं आपल्याला ते ऐकवलं. आपण तिघं भिंतीला टेकून उभे. गाणं संपलं. तो खुर्ची फिरवून अगदी साध्या आवाजात म्हणाला, “काही घाई होती का?”

परतीच्या बसमध्ये जालना आलं तेव्हा तू म्हणालास, पुढच्या वेळी बघू. पुढची वेळ आली नाही. रफिकला पुण्यात नोकरी लागली, तू बियाण्याच्या लॅबमध्ये गेलास, मी बदनापूरच्या शाळेत मास्तर झालो. भांडणं होऊन बँड तुटतात म्हणे. आपला बँड नोकऱ्या लागून तुटला, भांडण मात्र शाबूत राहिलं.

तू लग्नानंतर बदनापूरला राहायला आलास आणि नोकरीला जालन्याला जाऊ लागलास. मी जालन्याहून बदनापूरला यायचो. माझी गाडी आल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी तुझी उलट्या दिशेची गाडी यायची. इतकी वर्षं आपण रोज भेटलो ते त्या दहा-पंधरा मिनिटांत, फलाटावर. लोक घरचं-दारचं विचारतात. आपण ‘थांबा’ कुठं बिघडलं तेच बोलायचो. तू लॅबमधली पिशवी खांद्याला लावून, दोन बोटांनी बाकावर ठेका धरून मला दाखवायचास की इथं हळू होताच येत नाही. “हात ऐकत न्हाई रे तिथं,” म्हणायचास. मी म्हणायचो, ऐकत नाही की ऐकवत नाहीस. तेवढ्यात तुझी गाडी यायची. शेवटचा शब्द नेहमी तुझा, कारण तू दारात उभा राहून बोलायचास आणि गाडी सुटायची.

आता ती गोष्ट, जी तुला सांगायची राहिली.

आमच्या शाळेतल्या एका सरांच्या भावाचं लग्न कुंभार पिंपळगावला होतं. वरातीला तिथलाच बँड होता. त्यांचे मुख्य कचरू मास्तर, ट्रम्पेट वाजवणारे, पांढऱ्या मिशांचे. जेवणं झाल्यावर ते माझ्याशेजारी येऊन बसले. त्याच त्या चाली वाजवून कंटाळा आला, असं सहज बोलता बोलता म्हणाले. नवीन काही असेल तर सांगा सर. भास्कर, मला काय झालं कोण जाणे. मी मोबाइल काढला आणि त्यांना आपलं स्टुडिओतलं ‘थांबा’ ऐकवलं. मास्तरांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, पुन्हा लावा. तिसऱ्यांदा ऐकलं तेव्हा त्यांची बोटं मांडीवर ट्रम्पेटच्या बटणांसारखी हलत होती. मी ते गाणं त्यांच्या मोबाइलवर पाठवून दिलं आणि घरी आलो.

तुला विचारलं नाही. गाणं तुझं होतं, निदान चाल तरी सगळी तुझी. उद्या सांगू, परवा सांगू करत राहिलो. तू लग्नाच्या बँडला नाकं मुरडायचास, म्हणून भ्यायलो होतो.

मग दोनेक वर्षांनी एका सकाळी तू फलाटावर माझ्या डब्यापाशीच येऊन उभा होतास. मी खाली उतरायच्या आत तू सुरू केलंस. घनसावंगीकडं, म्हणजे कुंभार पिंपळगावच्याच बाजूला, कुणाच्या तरी लग्नाला गेल्तास, आणि वरातीत काय ऐकलंस तर ‘थांबा’. “आपलं गाणं चोरलं कुणीतरी. बराबर आपलंच. एक सूर इकडचा तिकडं न्हाई.” तू इतका चिडला होतास की तुझी पिशवी खांद्यावरून दोनदा खाली घसरली. मी म्हणालो, असेल कुणी ऐकून वाजवलं. तू म्हणालास, तीन माणसांशिवाय ते गाणं कुणाकडं आहे? मी चहावाल्याकडं बघत राहिलो. तुझी गाडी आत शिरत होती तेव्हा तू अगदी वेगळ्या आवाजात म्हणालास, “पण नाचून राह्यले होते रे लोक. म्हाताऱ्या बाया पण.”

तेव्हाच सांगायला हवं होतं. तुझा चेहरा उजळला होता. पण तू चढलास आणि दारातून माझ्याकडं बघत राहिलास, त्या दिवशी एक शब्दही न बोलता. त्यानंतर तू तो विषय कधी काढला नाहीस. मला वाटलं तू विसरलास. मला वाटलं मी सुटलो. मी त्या बाजूला कुठल्या लग्नालाही पुन्हा गेलो नाही.

तुझ्या शेवटच्या आजारात दवाखान्यात भेटायला आलो त्या दुपारी मी ठरवूनच आलो होतो. तू उशीला टेकून बसला होतास आणि पलंगाच्या लोखंडी कडेवर बोटं वाजवत होतास. शेजारच्या पलंगावरचे काका वैतागले होते. मी खुर्ची ओढली आणि म्हणालो, भास्कर, एक सांगायचंय तुला. तू म्हणालास, मलापण. आधी तू सांग म्हणून आपण दोघं एकमेकांना आग्रह करू लागलो, तेवढ्यात नर्स बीपी बघायला आली आणि तिनं मला बाहेर काढलं. जाताना तू म्हणालास, “बरा झालो की फलाटावर सांगतो. इथं मजा न्हाई.” मी म्हणालो, मीपण तिथंच सांगतो.

तेराव्याला पंगत उठल्यावर एक म्हातारा माणूस मांडवाच्या कडेला चपला काढून उभा दिसला. पांढऱ्या मिशा. कचरू मास्तर कुंभार पिंपळगावहून एसटीनं आले होते. हे इथं कसे, यांना कुणी कळवलं, आणि आता वहिनींसमोर हे काय बोलणार. पण मास्तर सरळ तुझ्या फोटोपाशी गेले, हात जोडले आणि वहिनींना म्हणाले, “साहेब आमच्याकडं आल्ते, ताई. तीन रविवार आल्ते. गिटार घेऊन.”

वहिनींना माहीत होतं, मास्तरांना कळवलंही त्यांनीच होतं. तू त्यांना सांगून जायचास. माहीत नव्हतं ते फक्त मला.

मी मास्तरांना बाजूला घेतलं. त्यांनी सगळं सांगितलं. त्या वरातीनंतरच्या आठवड्यात तू त्यांचा पत्ता काढून गेलास, भांडायलाच. गाणं कुठून आणलं म्हणून विचारलंस. मास्तरांनी माझं नाव सांगितलं. त्यांना वाटलं आता तू आणखी भडकशील. तू म्हणे खाली बसलास आणि हसायला लागलास. इतकं हसलास की मास्तरांच्या मिसेसनी पाणी आणून दिलं. मग तू म्हणालास, वाजवताय तर नीट वाजवा, आणि पुढच्या रविवारी गिटार घेऊन हजर झालास. सरांना कळवू का, असं मास्तरांनी विचारलं तर तू त्यांना म्हणालास, “त्याला बिलकुल सांगू नका. त्याला वाटंल तो जिंकला.”

मी विचारलं, जिंकला म्हणजे काय. मास्तर म्हणाले, ते बोलून नाही कळायचं सर. या एकदा.

गेल्या रविवारी मी गेलो. मास्तरांच्या घरापुढच्या पत्र्याखाली त्यांची सात-आठ माणसं जमली होती. कुणी शेतातून आलेलं, कुणी दुकान पोराकडं सोपवून. वरातीतला लाल-सोनेरी डगला कुणाच्या अंगावर नव्हता, सगळे घरच्या कपड्यांत. मला प्लास्टिकची खुर्ची दिली. मास्तरांनी ट्रम्पेट तोंडाला लावला आणि ‘थांबा’ सुरू झालं.

पहिलं कडवं तसंच, तुझं, पळणारं. माझे पाय आपोआप हलायला लागले. मग ‘ओरडलं नाही’ची जागा आली, आणि भास्कर, सगळं थांबलं. ताशा थांबला, बाकीची वाद्यं थांबली. एक ढोल राहिला, अगदी सावकाश. त्यावर मास्तरांचा ट्रम्पेट एकटा, डब्यात एकटा उभा असलेला माणूस. माझं दुसरं कडवं, पण शब्दांशिवाय. तांबं नाही, लांब नाही. तुझी पण तक्रार मिटली आणि माझी पण. मला वाटलं होतं हे ऐकून मला रडू येईल. थोडं आलं. पण जास्त करून मी हसत होतो, तोंडावर हात ठेवून, कारण समोरचे लोक इतकं मन लावून वाजवत होते की मोठ्यानं हसलो असतो तर त्यांचा गैरसमज झाला असता.

तू माझं ऐकलं होतंस. मला कळू नये अशी सगळी तजवीज करून, पण ऐकलं होतंस. आणि मी तुझं गाणं तुला न विचारता देऊन टाकलं, त्याचा राग तू असा काढलास, की ते घेऊन त्याच माणसांकडं जाऊन बसलास. आपलं गाणं आपल्याकडून झालं नाही. झालं ते मिरवणुकीत चालता चालता वाजवणाऱ्या या माणसांकडून, आणि तुला ते माझ्याआधी मान्य होतं. फलाटावर इतकी वर्षं तू मला नाही म्हणत होतास, त्यातली शेवटची काही वर्षं तू खोटं बोलत होतास तर. मीही बोलतच होतो.

त्यांनी ते पुन्हा वाजवलं. तिसऱ्या वेळी मला राहवेना. मी बाजूला पडलेला बँडचा खुळखुळा उचलला आणि उभा राहिलो. मास्तरांनी मान डोलावली. पहिलं कडवं झोकात गेलं. मग ती जागा आली, जिथं हळू व्हायचं असं मी तुला एवढी वर्षं शिकवत होतो. सगळे थांबले. मी थांबलो नाही. माझा खुळखुळा एकटाच पुढं पळत सुटला, मला दिसत होतं सगळे माझ्याकडं बघताहेत, मला कळत होतं इथं सावकाश जायचंय, आणि हात काही केल्या ऐकेना. मास्तरांनी ट्रम्पेट खाली घेतला. सगळा बँड थांबला तेव्हा कुठं मी थांबलो.

मी माफी मागू लागलो तर मास्तर म्हणाले, “असू द्या सर. साहेबबी इथंच पळायचे. पहिल्या रविवारी पळाले, दुसऱ्या रविवारी पळाले. तिसऱ्याला जमलं त्यान्ला.”

मग पुढचा रविवार रिकामा ठेवा म्हणून मी त्यांना सांगितलं, आणि पुन्हा खुळखुळा हातात घेतला.